फळी कधी बदलली?

गेल्या जूनमधली गोष्ट. एडिसन आणि आसपासची आम्ही सहा घरं वर्षातून दोनदा एकत्र कुठेतरी जातो. बोलिंग झालं होतं, एस्केप रूम झाली होती, म्हणून या वेळी अ‍ॅक्स थ्रोइंग ठरलं. १८ माणसं, शनिवारची संध्याकाळ, एक तासाचं बुकिंग. बुकिंग माझ्याकडे होतं आणि ते करताना मी तीनच गोष्टी पाहिल्या: घरापासूनचं अंतर, माणशी दर आणि पार्किंग.

आमच्यातली एक मैत्रीण पॅथॉलॉजिस्ट आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणारी, हाताची अतिशय स्थिर. तिनं अकरा वेळा कुऱ्हाड फेकली आणि अकराही वेळा ती फळीवर आपटून खाली पडली. पहिल्या चार-पाच वेळा सगळ्यांनी ओरडून धीर दिला. मग आवाज विरळ होत गेले, लोक आपापसांत बोलायला लागले. पुन्हा पाळी आली तेव्हा तिनं कुऱ्हाड माझ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या पुढ्यात ठेवली, "तू टाक रे," म्हणाली आणि मागच्या बाकावर फोन घेऊन बसली. परतताना गाडीत ती म्हणाली, "माझ्या दंडात जोरच नाही गं."

तिच्या दंडात काही कमी नव्हतं. फळ्या वाळून कडक झाल्या होत्या, आणि ती चुकीच्या जागी उभी आहे हे सांगायला तिच्याजवळ कोणी नव्हतं. हे मला चार महिन्यांनी दुसऱ्या एका केंद्रात कळलं. तेव्हापासून मी हा विषय धरूनच बसले. मध्य जर्सीतली केंद्रं पाहिली, फिलाडेल्फियाला गेले, भावाकडे टोरांटोला गेले असताना तिथेही एक संध्याकाळ काढली, कोचना प्रश्न विचारले. गटासाठी जागा निवडायची म्हणजे नेमकं काय पाहायचं, याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. गटात चांगलं फेकणारे दोन-चार असतातच. त्यांना कुठलीही जागा चालते. गटातल्या सगळ्यात बुजऱ्या माणसाची कुऱ्हाड जिथे फळीत रुतते, ती जागा चांगली.

खेळाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते, कारण केंद्रांमधले फरक तिथूनच आले आहेत. लाकूडतोड्यांच्या स्पर्धांमध्ये दुधारी कुऱ्हाड फेकण्याचा प्रकार उत्तर अमेरिकेत जुनाच. विस्कॉन्सिनमधल्या हेवर्ड गावी १९६० पासून लाकूडतोड्यांच्या जागतिक स्पर्धा भरतात. पण शहरातल्या माणसानं ऑफिस सुटल्यावर गोदामात जाऊन छोटी कुऱ्हाड फेकायची, हा प्रकार टोरांटोचा. मॅट विल्सन यानं २००६ मध्ये घरामागच्या अंगणात मित्रांना जमवून लीग सुरू केली. तिचं नावच बॅकयार्ड अ‍ॅक्स थ्रोइंग लीग, म्हणजे बॅटल. २०११ मध्ये ती छपराखाली आली. अमेरिकेत हे लोण २०१६ मध्ये पोचलं आणि त्यात आमच्या भागाचा वाटा मोठा आहे. त्या एकाच वर्षात आमच्या न्यू जर्सीतल्या ईटनटाउनला स्टंपीज हॅचेट हाउस उघडलं आणि फिलाडेल्फियात अर्बन अ‍ॅक्सेस. पुढे दोन संघटना झाल्या. २०१६ मध्ये कॅनडात स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना पुढे आंतरराष्ट्रीय झाली, ती आयएटीएफ. २०१७ मध्ये वर्ल्ड अ‍ॅक्स थ्रोइंग लीग आली, तिला सगळे वॉटल म्हणतात. केंद्रात शिरल्यावर भिंतीवरची वर्तुळं पाहिली की ते कुठल्या घराण्याचं आहे ते कळतं.

आता फळी. हा सगळ्या विषयाचा गाभा आहे आणि बुकिंग करणारा माणूस नेमकं हेच विचारत नाही.

लक्ष्य म्हणजे उभ्या लावलेल्या जाड फळ्या. लाकूड मुद्दाम मऊ जातीचं घेतात: कॉटनवुड, पॉप्लर, पाइन. पातं आत शिरताना रेषा दुभंगायला हव्यात आणि शिरल्यावर त्यांनी पातं धरूनही ठेवायला हवं. लाकडात ओल असली की हे दोन्ही होतं. लाकूड वाळलं की ते कडक होतं आणि पातं आत जाण्याऐवजी परत उडतं. म्हणून चांगल्या केंद्रात लेनच्या कडेला पाणी फवारायची बाटली किंवा बादली दिसते आणि कोच येताजाता फळ्यांवर पाणी मारत असतो. मी टोरांटोत पाहिलेल्या केंद्रात तर बदलीच्या फळ्या पाण्याच्या पिंपात उभ्या करून ठेवलेल्या होत्या. आत पाऊल टाकताच ताज्या लाकडाचा ओलसर वास आला. वखारीत पावसाळ्यात येतो तसा.

ओलीबरोबर झीजही पाहायला हवी. सगळ्यांचा नेम मधल्या वर्तुळावर, त्यामुळे मधली फळी सगळ्यात आधी जाते. दोन-चार दिवसांच्या गर्दीनंतर तिथे खळगा पडतो, लाकडाचा नुसता भुसा आणि काड्या उरतात. मग विचित्र प्रकार होतो: नेम बरोबर, फिरकी बरोबर, कुऱ्हाड बरोबर मध्यावर जाते आणि धरायला काही नसल्यानं गळून पडते. नवख्या माणसाला वाटतं आपलंच चुकलं. आमच्या त्या शनिवारी हेच झालं होतं. शुक्रवारची रात्र आणि शनिवारची दुपार दोन्ही भरगच्च गेलेल्या त्या फळ्या संध्याकाळी आमच्या वाट्याला आल्या होत्या. मला त्या दिवशी खळगा दिसला होता, पण त्याचा अर्थ कळला नव्हता.

तेव्हा फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायचा: तुम्ही फळ्या कधी बदलता, आणि आमच्या दिवशी त्या किती जुन्या असतील? उत्तराच्या पद्धतीवरून बरंच कळतं. जिथे काळजी घेतात तिथला माणूस लगेच सांगतो, अमुक वारी सकाळी बदलतो, मधली फळी गरज पडेल तशी मध्येही काढतो. एका ठिकाणी मला "लागल्या की बदलतो" एवढंच उत्तर मिळालं. तिथे मी गेले नाही.

काही केंद्रांत फळ्यांऐवजी ओंडक्याचे आडवे काप वापरतात. मासळीबाजारात कोळणीसमोर जो ओंडका असतो, ज्याच्यावर सुरमईचे तुकडे पडतात, तसा. वर्षानुवर्षं घाव सोसूनही तो ओंडका फुटत नाही, कारण घाव रेषांच्या मधून आत जातो आणि सुरी निघाली की रेषा पुन्हा मिटतात. अशा लाकडात हलक्या हातानं फेकलेली कुऱ्हाडसुद्धा रुतते. गटात वयस्क माणसं किंवा कोवळी पोरं असतील आणि जवळपास असं केंद्र असेल, तर मी तेच निवडेन. लीग खेळणाऱ्यांच्या केंद्रांत मात्र उभ्या फळ्याच दिसतात, कारण त्यांना स्पर्धेसारखं लाकूड हवं असतं.

कुऱ्हाडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. डोकं साधारण दीड पौंडाचं, म्हणजे पाऊण किलोच्या आत. दांडा हिकरीसारख्या चिवट लाकडाचा. दोन गोष्टी हातात घेऊन पाहायच्या. डोकं दांड्यावर हलतंय का, आणि दांड्याला कुसळं आहेत का. डोकं हलत असेल तर पाचर सैल झाली आहे, ती कुऱ्हाड परत द्यायची. धार दाढीच्या पात्यासारखी नसते आणि नसावी, पण पात्याची कड चेपलेली असेल तर ती मऊ लाकडातही नीट शिरत नाही. लांब दांड्याची मोठी कुऱ्हाडही काही ठिकाणी देतात. ती जास्त अंतरावरून फेकतात, आणि पहिल्या दिवशी तिच्या वाटेला जाऊ नये हे माझं मत.

आता हिशेब. हा मी त्या जूनच्या संध्याकाळीच कागदावर मांडायला हवा होता.

बहुतेक केंद्रांत एका लेनमध्ये दोन लक्ष्यं असतात, दोन्ही बाजूंना जाळीचं कुंपण. दोघं जण एकाच वेळी फेकतात, आणि दोघांचंही फेकून झाल्यावरच बरोबर पुढे जाऊन आपापली कुऱ्हाड काढतात. एकाची बाकी असताना दुसऱ्यानं रेषा ओलांडायची नाही, हा या खेळातला सगळ्यात कडक नियम. फेकणं, चालत जाणं, दांडा वर करून पातं सोडवणं, परत येणं, कुऱ्हाड खाली ठेवणं (ती कुणाच्या हातात द्यायची नसते), पुढच्यानं उचलणं, या सगळ्याला नवख्यांच्या गटात चाळीस सेकंद धरा. आमचं बुकिंग एक तासाचं. त्यातली वीस मिनिटं काउंटरपाशी जबाबदारीमुक्तीच्या कागदांवर सह्या करण्यात गेली, दहा मिनिटं सूचनांमध्ये. उरली तीस मिनिटं, म्हणजे ४५ फेऱ्या, प्रत्येकीत दोन फेकी: एका लेनवर ९० फेकी. आम्हाला दोन लेन दिल्या होत्या, एकेका लेनवर नऊ माणसं. माणशी आल्या दहा फेकी. माझ्या मैत्रिणीच्या अकरा झाल्या होत्या, कारण मध्ये एक जण बाहेर फोनवर गेला होता.

दहा फेकींत हात बसतच नाही. पहिल्या पाच-सहा तर कुऱ्हाडीचं वजन कळण्यात जातात. जरा बरी रुतायला लागते तेव्हा वेळ संपते, आणि जिची रुतलीच नाही ती "मला जमत नाही" हा शिक्का घेऊन घरी जाते. ऑक्टोबरमध्ये आम्ही पुन्हा गेलो तेव्हा १८ माणसांसाठी तीन लेन आणि दोन तास घेतले, सह्या घरूनच ऑनलाइन करून गेलो. गप्पा, विश्रांती, सामन्यांमधला खोळंबा धरूनही माणशी पस्तीस-चाळीस फेकी झाल्या. पैसे अर्थातच जास्त गेले. पण एका फेकीचा दर काढला तर ही संध्याकाळ पहिलीपेक्षा बरीच स्वस्त पडली.

म्हणून "माणशी किती?" हा प्रश्न अपुरा आहे. आमच्या भागात दर साधारण माणशी २५ ते ४५ डॉलरच्या दरम्यान असतो, कोचची टिप वेगळी. त्या रकमेत लेनवर किती माणसं बसवणार, हे विचारल्याशिवाय दोन केंद्रांची तुलना होऊ शकत नाही. काही ठिकाणी लेनची कमाल मर्यादा दहा-बारापर्यंत असते. मर्यादा ही केंद्राच्या सोयीची असते. आपण सहाच्या वर जाऊ नये. आणि दुसरं, लेन आपलीच आहे की अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यायची आहे, हेही आधी विचारून घ्यावं. चार-पाच जणांचा गट असेल तर वाटून घ्यायला हरकत नाही, उलट मजा येते. पण घरच्या माणसांत ज्या बायका पहिल्यांदा हातात कुऱ्हाड घेणार आहेत त्यांना तिऱ्हाइतांसमोर संकोच वाटतो, हे मी पाहिलंय.

कोचबद्दल लिहायचं तर ऑक्टोबरच्या संध्याकाळकडे परत जावं लागेल. मैत्रीण यायलाच तयार नव्हती. "मी फोटो काढीन" या बोलीवर आली. आमच्या तीन लेनना दोन कोच होते. त्यातल्या एका पंचविशीतल्या मुलीनं तिला आग्रह केला नाही, फक्त म्हणाली, दोनदा टाक, मला बघू दे. तिनं दोनदा टाकली. दोन्ही वेळा आपटली. कोच कुऱ्हाडीकडे पाहतच नव्हती, ती फळीकडे पाहत होती. मग तिनं फळीवरचे दोन चट्टे दाखवले. दांड्याचं टोक आधी आपटत होतं. कुऱ्हाड हातातून सुटल्यावर हवेत एक पूर्ण वळसा घेते आणि साधारण बारा फुटांवर पातं पुन्हा समोर येतं. दांडा आधी आपटतोय म्हणजे वळसा पुरा व्हायच्या आतच फळी येतेय. "अर्धं पाऊल मागे," ती म्हणाली, "आणि जोर अर्धा कर." जोर वाढव असं नाही, अर्धा कर. फुटबॉलमध्ये कडेवरून चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावरून आत टाकतात तसं, मनगट न मोडता, हात डोळ्यांच्या रेषेत आले की सोडून द्यायचं.

तिसरी फेक रुतली. तो आवाज वेगळा असतो. आपटण्याचा आवाज कोरडा, लोखंडी. रुतण्याचा आवाज खोल, ठप्प. वर्तुळाच्या बाहेर, डाव्या कोपऱ्यात लागली होती, गुण शून्य. मैत्रीण दोन्ही हात तोंडावर धरून उभी राहिली. मग चालत गेली, दांड्यावर हात ठेवला आणि लगेच काढलीच नाही कुऱ्हाड, क्षणभर तशीच उभी राहिली.

असा कोच जागेवर आहे की नाही, हे जाहिरातीत दिसत नाही. फोनवर विचारायचं: आमच्या गटासाठी कोच पूर्ण वेळ थांबणार का, की सुरुवातीला शिकवून जाणार? एका कोचकडे किती लेन? गेल्या जूनमध्ये एकच मुलगा चार लेन सांभाळत होता, वर काउंटरही त्याच्याकडेच. त्याची चूक नव्हती, तो घामाघूम होऊन पळत होता. दोन लेनना एक कोच, याच्या खाली मी आता जात नाही.

सुरक्षेचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. या खेळाची भीती बहुतेकांना धारेची वाटते. कुऱ्हाड आपल्यापासून दूर जाते, तेव्हा धारेपेक्षा परत उडून येण्याची काळजी करायला हवी. २०१८ मध्ये कोलोरॅडोतल्या एका केंद्रातली चित्रफीत जगभर फिरली: बाईनं कुऱ्हाड फेकली, ती परत उसळून थेट तिच्या डोक्याच्या दिशेनं आली आणि ती वाकली म्हणून बचावली. नवखा माणूस कुऱ्हाड रुतत नाही म्हणून जोर वाढवत जातो, आणि कडक फळीवर जोरानं आपटलेली कुऱ्हाड जोरानंच परत येते. म्हणजे वाळलेली फळी आणि गैरहजर कोच ही जोडी मजेचाही घात करते आणि सुरक्षेचाही. आत गेल्यावर पाहायचं ते एवढंच: प्रेक्षकांचा बाक फेकणाऱ्यापासून पुरेसा मागे आहे का, मध्ये कठडा आहे का, लेनमधली जाळी वरपर्यंत गेलीय का, आणि शेजारच्या लेनमध्ये कुणी एक जण कुऱ्हाड काढायला गेलेला असताना दुसरा फेकत असेल तर कोच ओरडतो का. शेवटची गोष्ट पाहायला पाच मिनिटं दारात उभं राहावं लागतं. मोठ्या गटासाठी जागा ठरवण्याआधी तेवढं एकदा जाऊन यावं.

संघटनेचं सदस्यत्व असलेलं केंद्र घ्यावं का? त्याचा फायदा असा की लेनची मापं, रेषेचं अंतर, कुऱ्हाडीचं वजन नियमात बसवलेलं असतं आणि आठवड्याला लीग खेळणारी मंडळी येत असल्यानं फळ्यांची हयगय चालत नाही. ती माणसं तक्रार करतात. मला ही बरीच भरवशाची खूण वाटते. गुणांच्या पद्धतीनं गटाला फारसा फरक पडत नाही. आयएटीएफच्या लक्ष्यावर एक, तीन आणि पाच गुणांची वर्तुळं असतात, वर दोन छोटे ठिपके, त्यांना क्लच म्हणतात, सात गुणांचे. ते फक्त पाचव्या फेकीला आणि आधी सांगूनच घ्यायचे. वॉटलच्या लक्ष्यात एक ते चार, मग मध्यावर सहा, आणि आठ गुणांचा किलशॉट; सामना दहा फेकींचा.

फरक पडतो तो सामने कसे लावतात यानं. बहुतेक केंद्रं गटासाठी शेवटी छोटी स्पर्धा घेतात आणि वेळ वाचावा म्हणून बाद फेरी ठेवतात. सोळा जणांत बाद फेरी लावली तर पहिल्याच सामन्यानंतर आठ जण बाकावर. ते आठ कोण असणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. कोचला सुरुवातीलाच सांगावं: आम्हाला साखळी सामने हवेत, किंवा जोड्या लावून संघाचे गुण मोजा. चांगला कोच हसून मान डोलावतो. आम्ही ऑक्टोबरमध्ये एक सराईत आणि एक नवखा अशा जोड्या केल्या. शेवटच्या फेकीपर्यंत अठराच्या अठरा माणसं उभी होती.

अलीकडे नव्या केंद्रांत प्रोजेक्टरनं फळीवर लक्ष्य पाडतात. फुली-गोळा खेळता येतो, हलती चित्रं येतात, गुण पडद्यावर मोजले जातात. मुलांना हे फार आवडतं, आणि एक चांगली गोष्ट अशी की लक्ष्य सरकतं त्यामुळे फळीची झीज एकाच जागी होत नाही. माझा आक्षेप एकच. झगमगाटात फळीची अवस्था दिसत नाही. प्रोजेक्टर असला तरी दिवे लावून फळी एकदा पाहू द्या म्हणावं.

आपल्या मराठी गटांच्या दृष्टीनं काही गोष्टी खास सांगते, कारण त्या मी चुकत चुकत शिकले आहे.

पायात बंद बूट हवेत, याला अपवाद नसतो. जूनमध्ये आमच्यातल्या दोघी दुपारी दुसऱ्या कार्यक्रमाहून थेट आल्या, एकीच्या पायात कोल्हापुरी, दुसरीच्या सँडल. त्यांना रेषेपाशी येऊ दिलं नाही आणि ते बरोबरच होतं. निरोपात हे पहिल्या ओळीत लिहायचं. ओढणी, सैल बाह्या, हातभर बांगड्या यांचाही अडथळा होतो. पंजाबी ड्रेस चालतो, ओढणी गाडीत ठेवावी.

मुलांच्या वयाची अट प्रत्येक केंद्राची वेगळी. कुठे दहाव्या वर्षापासून पालकांसोबत, कुठे सोळा, कुठे रात्री ठरावीक वेळेनंतर फक्त प्रौढ. सहा घरांत पाचवीपासून कॉलेजपर्यंत सगळी पोरं असतात. निम्मी बाहेर राहणार असतील तर ती सहल घरच्यांची राहत नाही. मग मोठ्यांनी मोठ्यांची वेगळी सहल काढावी किंवा जिथे शेजारी दुसरे खेळही आहेत असं केंद्र घ्यावं.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना न्यायचं असेल, तर त्यांच्या प्रवासी विम्याचा कागद आधी वाचावा. बऱ्याच पॉलिसींत धोक्याचे किंवा साहसी खेळ वगळलेले असतात, आणि त्या यादीत हे बसतं का हे कंपनीला विचारून लेखी घ्यावं. खांद्याचं दुखणं असलेल्या माणसाला आग्रह करू नये. बसून, जवळून फेकण्याची सोय काही केंद्रं आनंदानं करून देतात. आधी कळवलं तर.

खाणं. न्यू जर्सीत दारूचे परवाने मोजके आणि महाग, त्यामुळे आपलं आपण घेऊन येण्याची रीत इथल्या हॉटेलांत जुनीच आहे; तीच पद्धत बऱ्याच कुऱ्हाडकेंद्रांतही दिसते. खाणंही घरचं नेता येतं, आणि शाकाहारी गटाला ती मोठी सोय आहे. मात्र खाणं शेवटी काढावं. आम्ही सुरुवातीलाच बटाटेवडे उघडले होते. तेलकट हातानं लाकडी दांडा धरला की तो नको तेव्हा सुटतो, आणि पुढच्याच्या हातालाही तेच तेल लागतं. बिअर-वाइनचंही तेच. केंद्राचा नियम काहीही असो, आमच्या गटाचा नियम आता असा आहे की शेवटची कुऱ्हाड खाली ठेवल्यावरच बाटली उघडायची.

जबाबदारीमुक्तीच्या कागदावर प्रत्येक प्रौढाची सही लागते, मुलांसाठी त्यांच्या स्वतःच्या आईवडिलांची. शेजारच्या काकूंची चालत नाही. ऑनलाइन सहीचा दुवा चार दिवस आधी सगळ्यांना पाठवावा आणि कुणाची सही राहिलीय ते आदल्या रात्री पाहावं. मराठी मंडळी पंधरा मिनिटं उशिरा पोचणार हे गृहीत धरून निरोपात वेळ अर्धा तास आधीची लिहावी. तिथला तास आपल्यासाठी थांबत नाही.

चाळीसच्या वरचा गट असेल, मंडळाची तरुणांची सहल किंवा ऑफिसचा अख्खा विभाग, तर सगळं केंद्रच दोन तासांसाठी घेता येतं. कुऱ्हाडफेकीचे फिरते ट्रेलरही मिळतात, ते पार्कात किंवा फार्मवर येतात. ट्रेलरवर बहुधा एकावेळी दोघंच फेकू शकतात, तेव्हा वरचा हिशेब करून पाहा: पन्नास माणसांना चार तासांतही माणशी चौदा-पंधराच फेकी येतात. मेळ्यात येताजाता हात आजमावायला ट्रेलर ठीक आहे. सहलीचा मुख्य कार्यक्रम म्हणून मी तो घेणार नाही.

मैत्रीण जानेवारीपासून मंगळवारच्या लीगला जाते. आठ आठवड्यांची एक फेरी तिनं पूर्ण केली. तिनं स्वतःची कुऱ्हाड घेतली आहे, दांड्याला अळशीचं तेल लावते.

पुढच्या महिन्यात आम्ही २२ जण जातोय, चार लेन, दोन तास. मी फोन करून शनिवार संध्याकाळ मागितली. फोनवरच्या मुलाला विचारलं, फळ्या कधी बदलता? म्हणाला, गुरुवारी रात्री. आम्ही शुक्रवार घेतला.